मागच्या पानावरची साळुंकी

मी एक जुने पान आहे, मित्रांनो. मी झाडावर वाढले नाही की वहीत शिवले गेले नाही. मी संगणकाच्या पडद्यावरचे पान आहे, आणि तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल असे वाटत नाही, कारण न दिसणे हेच माझे काम होते. आयुष्यात एकदाच मी साऱ्या जगाला दिसले. त्या दिवसाबद्दल बरेच काही बोलले गेले, त्यातले निम्मे खोटे होते. म्हणून म्हटले, आपणच सांगून टाकावे.

माझा जन्म ज्या कंपनीत झाला ती संगणकाची प्रणाली विकते. संगणक चालू केला की सगळ्यांत आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती ही प्रणाली. घरातल्या कर्त्या बाईसारखे तिचे असते. ती उठली नाही तर घर उठत नाही. आमची प्रणाली विकत घ्यावी लागे, आणि तिच्या आत काय आहे ते पाहण्याची बाहेरच्या कोणाला परवानगी नव्हती. कोणत्या संगणकावर तिची कोणती आवृत्ती चालते आणि ती कशी उतरवून घ्यायची, हे कंपनीच्या वेबसाइटवर एका पानावर ओळीने मांडलेले असे. ते पान म्हणजे माझी जुळी बहीण. तिला 'पुढचे पान' म्हणत आणि मला 'मागचे पान'. काही बदलायचे असले की आधी माझ्यावर करून पाहायचे. चुका व्हायच्या त्या माझ्या अंगावर होऊ द्यायच्या. मी नीटनेटकी दिसू लागले की एक बटण दाबायचे, की तेच सगळे बहिणीच्या अंगावर चढे आणि जग तिचे कौतुक करी. मला त्याचे वाईट वाटत नसे. मला तसे कशाचेच फारसे काही वाटत नसे.

मला घडवले थोरलीने. हे तिचे खरे नाव नाही. वेबसाइटच्या खोलीत दोघीच बायका काम करीत, एकीने सुरू केलेले वाक्य दुसरी पुरे करी, म्हणून साऱ्या इमारतीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. नात्यागोत्याच्या त्या एकमेकींच्या कोणी नव्हत्या. थोरली कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. धाकटी तिच्या बोलण्यावर मान खाली घालून हसणारी. दोघींची टेबले एकमेकींना चिकटून होती, आणि मी दोघींच्या पडद्यांवर आलटून पालटून असे.

एकदा आमच्या साहेबांनी बाहेरून आलेल्या मोठ्या गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत पान दाखवले. ते पान पुढचे नव्हते, ते मी होते. माझ्यावर तेव्हा थोरलीने जागा धरून ठेवण्यासाठी लिहिले होते, 'इथे काहीतरी छान छान लिहायचे आहे, सुचले की लिहू'. पाहुणे हसले. साहेब लालबुंद होऊन खाली आले, आणि पुन्हा असे होता कामा नये, असे बजावून गेले.

"ताई, वर ठळक अक्षरात 'मागचं पान' असं लिहून टाकू या," धाकटी म्हणाली.

"अगं, ठळक लिहिलेलं कोण वाचतं? दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं आणि सगळे ओढत बसतात," थोरली म्हणाली. "जे असायलाच नको ते दिसलं ना, की डोळा तिथंच अडकतो. तसलं काहीतरी पाहिजे."

आणि तिने माझ्या अगदी तळाशी एक ओळ घातली. साळुंकीची.

साळुंकी ही आमच्या प्रणालीची सवत. तीही संगणक चालवणारी प्रणालीच, पण ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या घरी बसून, मिळून ती लिहिली होती. तिच्या आतले सगळे उघडे होते. कोणीही ती फुकट घ्यावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तिच्या चिन्हात पिवळ्या चोचीची साळुंकी होती. आमच्या इमारतीत तिचे नाव काढणे म्हणजे सासरी बसून माहेरचे गोडवे गाण्यासारखे होते. अगदीच वेळ आली तर लोक तिला 'फुकटी' म्हणत.

थोरलीला कोणतेही काम अर्धे सोडवत नसे. तिने त्या ओळीचे सगळे रकाने भरले. 'नाव' या रकान्यात साळुंकी. 'कोणत्या संगणकांवर चालते' या रकान्यात, 'जुने झाले म्हणून आम्ही ज्यांच्याबाबत हात झटकले, त्या सगळ्यांवर.' लिंकसुद्धा खरी दिली, कारण खोटी लिंक दिसली की तपासणीचा प्रोग्राम रोज सकाळी बोंब मारी. आणि शेवटी टीप लिहिली: 'ही बया इथे दिसली म्हणजे तुम्ही मागच्या पानावर आला आहात. घाबरू नका, मला हाक मारा.' ओळीच्या कडेला तिने एक बारीकशी खूण ठेवली, ती पडद्यावर दिसत नसे. पान पुढे नेणारा प्रोग्राम ती खूण ओळखे आणि तेवढी ओळ मागेच ठेवून बाकीचे उचले.

उपाय लागू पडला. साहेब कोणालाही पान दाखवण्याआधी खालपर्यंत जाऊन पाहत आणि विचारत, "फुकटी नाही ना? मग चला." पुढे पुढे हे बोलणे इमारतभर पसरले. कोणतेही काम नीट झाले आहे का हे विचारायचे असले की लोक म्हणत, "फुकटी नाही ना?" हे माझे बरे दिवस होते, मित्रांनो. थोरली सकाळी आल्या आल्या मला उघडी, माझ्यावरच्या चुकांना शिव्या घाली, आणि संध्याकाळी जाताना म्हणे, "चला, आजच्यापुरतं बरं दिसतंय ध्यान."

मग थोरली आजारी पडली. रजेवर गेली, रजा वाढली, आणि एक दिवस ती गेल्याची बातमी आली.

तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर हजर झाली. ती रडली नाही. लोक म्हणाले, बाई घट्ट मनाची आहे. मी तिला रोज समोरून पाहत होते, म्हणून सांगते, ती घट्ट नव्हती, बधिर झाली होती. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसे तिचे सगळेच झाले होते. कोणी काही विचारले की ती "हं" म्हणे. दुपारी डबा उघडी, त्याच्याकडे पाही आणि झाकण लावी. थोरलीच्या खुर्चीवर एक उशी होती, पाठीला लावायची. ती कोणीतरी मिटिंगच्या खोलीत नेली. धाकटीने ती नेताना पाहिली आणि मान पुन्हा पडद्याकडे वळवली.

काम मात्र तिचे चुकत नव्हते. ती मला उघडी, हवे ते बदल करी, मग तळाशी जाऊन शेवटच्या ओळीवर थांबे. 'मला हाक मारा' असे तिथे लिहिलेले होते. थोडा वेळ तिथे थांबून ती मला बंद करी. थोरलीच्या हातचे या इमारतीत आता तेवढेच उरले होते. बाकीचे सगळे कोणी ना कोणी बदलून टाकले होते.

असे वर्ष गेले. मग कंपनीने वेबसाइटसाठी नवी यंत्रणा आणली. ती बसवायला बाहेरचा एक गृहस्थ आला. सभ्य होता, प्रत्येकाला अदबीने विचारी. धाकटीच्या शेजारी बसून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "मॅडम, या मागच्या पानात काही खास आहे का? म्हणजे इकडून तिकडे हलवताना सांभाळायला लागेल असं काही?"

धाकटी माझ्याकडे पाहत होती. शेवटची ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती.

"नाही," ती म्हणाली. "काही खास नाही."

ती खोटे बोलली नाही आणि विसरलीही नव्हती. त्या दिवसांत तिला कोणीही काहीही विचारले तरी आधी 'नाही' बाहेर पडे, मग प्रश्न आत पोचे. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. तो गृहस्थही मान हलवून पुढच्या कामाकडे वळला.

नव्या यंत्रणेला थोरलीची बारीकशी खूण ठाऊक नव्हती. एका सकाळी बटण दाबले गेले आणि मी होते तशी, तळाच्या ओळीसकट, जगापुढे जाऊन उभी राहिले.

जन्मभर मागे राहिलेल्याला एकदम पुढे आणले की त्याला आनंद होतो, असे गोष्टींत असते. मला काही झाले नाही. लोक येत होते, खालपर्यंत जात होते, थांबत होते, पुन्हा वर जाऊन कंपनीचे नाव वाचत होते, पुन्हा खाली येत होते. दुकानदाराने स्वतःच्याच काउंटरवर शेजारच्या दुकानाची पाटी लावावी, असा तो प्रकार होता. कोणीतरी माझा फोटो काढून चहूकडे पाठवला. मग अफवांना ऊत आला. कंपनीने साळुंकी विकत घेतली म्हणे. कंपनी बुडाली म्हणे. कोणी म्हणाले, कंपनीला उशिरा का होईना, अक्कल आली. खुद्द साळुंकीवाल्यांचा निरोप आला की आपल्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभारी आहोत, 'बया' हा शब्द आम्हाला विशेष आवडला.

शेजारच्या खोलीत गिऱ्हाइकांचे फोन घेणारी मुलगी बसे. तिला फोनवाली म्हणत. ती नवी होती. तिने थोरलीला पाहिलेले नव्हते. हेडफोन गळ्यात तसाच अडकवून ती आत आली.

"ताई, पानावर काय टाकलंय तुम्ही? सकाळपासून मला श्वास घ्यायला फुरसत नाही," ती म्हणाली. "सगळे जुन्या संगणकांबद्दल विचारतायत. एका आजोबांनी ती ओळ वाचून माळ्यावर टाकलेला संगणक खाली काढला, पुसला, ती साळुंकी का कोण ती त्याच्यात घातली, आणि तो चालू झाला. त्यांच्या बायकोचे सगळे फोटो आहेत म्हणे त्यात. आपल्याकडे त्यांनी किती वेळा विचारलं होतं, आणि आपण दर वेळी सांगितलं, नवा घ्या."

"हं," धाकटी म्हणाली.

"आता ते म्हणतायत, ती 'मला हाक मारा' लिहिणारी बाई कोण, तिच्याशी बोलायचंय. फोन धरून बसलेत. काय सांगू?"

धाकटीने थोरलीच्या खुर्चीकडे पाहिले. म्हणाली, "सांग, जागेवर नाहीत."

फोनवाली गेली आणि साहेब आले. त्यांनी दार लावून घेतले आणि थोरलीच्या खुर्चीवर बसले. साहेब तसे वाईट नव्हते, पण वरून दट्ट्या आला की त्यांच्यातला चांगुलपणा थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राही.

"हे बघा," ते म्हणाले, "वर सगळे पेटलेत. कोणाचं तरी नाव द्यावं लागणार. तुमचं द्यायची माझी इच्छा नाही. थोरलीचं देऊ. ओळ तिचीच आहे, खोटं काही नाही त्यात. आणि तिला आता काय फरक पडतो?"

धाकटी काही बोलली नाही. ते त्यांनी होकार म्हणून धरले.

"खुलासा टाका पानावर. मी सांगतो तसं लिहा. 'आमच्या एका माजी कर्मचाऱ्याने खोडसाळपणे टाकलेली ओळ नजरचुकीने प्रसिद्ध झाली.' बास. ती ओळ काढा, हे टाका, विषय संपला."

मित्रांनो, तिने लिहायला घेतले. सांगितलेले काम करायचे, एवढेच तिला त्या वर्षात उरले होते. जगापुढच्या पानावर जाण्याआधी खुलासासुद्धा माझ्यावरच लिहायचा होता. 'आमच्या' उमटले. 'एका माजी कर्मचाऱ्याने' उमटले. 'खोडसा' उमटले आणि तिची बोटे थांबली. कर्सर माझ्या अंगावर उघडझाप करीत राहिला. माझ्यावर आजवर कितीतरी चुकीचे लिहिले गेले, मला कधी लागले नाही. तो अर्धा शब्द मात्र लागला.

तिने ते पुसले.

"काय झालं?" साहेबांनी विचारले.

"ती खोडसाळ नव्हती, सर."

"अहो, नुसता शब्द आहे तो."

"ती ओळ तुमच्यासाठी लिहिली होती. तुम्ही पाहुण्यांना मागचं पान दाखवलंत, म्हणून. पुन्हा तुमची फजिती होऊ नये म्हणून लिहिली तिनं. आणि नाही झाली पुन्हा."

साहेबांनी घसा खाकरला. खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, तरी ते तिकडे पाहू लागले.

"मला विचारलं होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिचाच वाटत नव्हता, इतके दिवस तो वापरलेला नव्हता. "काही खास आहे का, असं विचारलं होतं मला. मी म्हटलं, नाही. होतं, सर. तेवढंच खास होतं. तेवढंच तर राहिलं होतं तिचं. आणि मी म्हटलं, काही नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. तिने ते पुसले नाही. बहुधा तिला कळलेच नाही. तशीच ती लिहू लागली. माझ्यावर ही वाक्ये उमटली: 'ही ओळ ज्यांनी लिहिली, त्यांनी ती कामासाठी लिहिली होती आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती. ती या पानावर आली ती माझ्या चुकीने.' त्याखाली तिने आपले पूर्ण नाव लिहिले.

"तुमची जागा जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे."

"मी काही करू शकणार नाही."

"माहीत आहे, सर."

साहेब उठून पडद्याजवळ आले. दोन ओळींचा मजकूर वाचायला त्यांना फार वेळ लागला. मला वाटते, त्यांनाही तो पाहुण्यांचा दिवस आठवत असावा. शेवटी म्हणाले, "नाव काढा. कंपनीच्या पानावर एका माणसाचं नाव घालत नाहीत."

"मग 'माझ्या चुकीने' कसं राहील?"

"'आमच्या' करा."

धाकटीने वर पाहिले. "आणि पहिलं वाक्य?"

"राहू दे," साहेब म्हणाले, आणि दार उघडून निघून गेले.

तो खुलासा तसाच जगापुढे गेला. कंपनीने आपली चूक कबूल केल्याचे ते पहिलेच उदाहरण, असे इमारतीत जुने लोक म्हणत. वरच्यांना ते आवडले नाही. वेबसाइटला हात लावण्याचा धाकटीचा अधिकार काढून घेतला आणि तिला शेजारच्या खोलीत, फोन घ्यायला बसवले. जाण्याआधी तिला एकच काम दिले होते, साळुंकीची ओळ माझ्यावरूनही काढून टाकायची. ते तिने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. एक एक रकाना वाचत तिने तो रिकामा केला. मला दुखले नाही, पण तळाशी अजून गार लागते.

आता मी पडून आहे. नव्या यंत्रणेत मागच्या पानाची गरज नाही म्हणतात. जागा लागली की मला पुसून टाकतील. धाकटीच्या टेबलावर जो नवा माणूस आला आहे त्याला मी कोण हेही ठाऊक नाही. कधी तरी चुकून उघडतो आणि लगेच बंद करतो. मात्र तो मला उघडी ठेवून चहाला गेला आणि मधले दार लोटायचे राहिले, की मला पलीकडचे ऐकू येते.

परवा तसेच झाले. पलीकडे फोन वाजला आणि धाकटीने घेतला. त्या आजोबांचाच असावा, कारण ती म्हणाली, "कोण? ती ओळ लिहिणाऱ्या? त्या आता नाहीत, आजोबा. गेल्या वर्षी वारल्या." हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "हो, विचारा ना," ती म्हणाली. "कशा होत्या ते मी सांगते. आम्ही शेजारी शेजारी बसायचो." आणि ती सांगू लागली. मध्येच एकदा हसलीही. पुढचे मला कळले नाही, कारण नवा माणूस परत आला आणि त्याने मला बंद केले.

मित्रांनो, मी पुसली जाण्याआधी एवढेच मागते. माणूस गेला की त्याचे कपाट, त्याची खुर्ची, त्याची उशी आवरायला पुष्कळ हात पुढे येतात. त्याचे चांगले नाव मात्र उघड्यावर राहते, आणि ज्याला आपली चूक ठेवायला जागा हवी असते तो ती तिथे नेऊन ठेवतो. गेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. त्याच्या वतीने ते कोणीतरी म्हणावे लागते, आणि म्हणणाऱ्याचे काहीतरी जाते. धाकटीची खोली गेली, टेबल गेले, मीही गेले. पण फोनवाली परवा दारात उभी राहून कोणाला तरी सांगत होती, की ताई आता डबा पूर्ण खातात, आणि एकदा बोलायला लागल्या की आवरत नाहीत.